रस्त्याचें नांव आणि रस्त्याचें सत्य

एकाद्या गांवावरून मोठा रस्ता जातो असें समजा. त्याच्या दोहों बाजूंस जुनीं कडुनिंबाचीं झाडें आहेत. एका बाजूस शाळा आहे, दुसऱ्या बाजूस वस्ती. सकाळीं मुलें तो ओलांडून शाळेंत जातात, आणि संध्याकाळीं बाया सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन त्याच्याच कडेनें घरीं परततात. रात्रभर मालमोटारी त्यावरून धांवत असतात. आज ह्या रस्त्याचें नांव राज्यमार्ग आहे. उद्यां सरकारी राजपत्रांत चार ओळींची अधिसूचना प्रसिद्ध होते, आणि तो प्रमुख जिल्हामार्ग होतो, किंवा नगरपालिकेचा साधा रस्ता ठरतो. डांबर तेंच, वळण तेंच, मालमोटारी त्याच आणि मुलेंहि तींच. रस्त्याचा एक खडाहि हललेला नाहीं. मग बदललें तें काय?

हा प्रश्न वकिलांचा व कारकुनांचा आहे, आपणां खेड्यांतील लोकांचा त्याशीं काय संबंध, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु नीट पाहिलें असतां हा प्रश्न नीतीचा आहे, आणि तो आपल्या दाराशीं येऊन उभा राहिलेला आहे. वस्तूचें नांव बदललें म्हणजे त्या वस्तूसंबंधानें आपणांवर असलेलें कर्तव्यहि बदलतें काय? आपल्या देशांत सन २०१७ मध्यें ह्या प्रश्नाची मोठी परीक्षा झाली. तिची हकीकत सांगून तिच्यापासून कोणता बोध घ्यावा याचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम रस्त्यांच्या वर्गवारीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं सन १९२७ मध्यें रस्त्यांचा विचार करण्याकरितां एक समिति नेमण्यांत आली. रस्त्यांचा भार आतां प्रांतिक सरकारांस व स्थानिक संस्थांस झेपण्यापलीकडे गेला आहे, मध्यवर्ती सरकारनें त्यास हातभार लावला पाहिजे, असें त्या समितीनें सांगितलें. व त्याचें फळ म्हणून सन १९२९ मध्यें मध्यवर्ती रस्ते-निधि स्थापन झाला. पुढें सन १९४३ च्या डिसेंबर महिन्यांत प्रांतोप्रांतींचे मुख्य इंजिनियर नागपूर येथें जमले, आणि त्यांनीं सर्व देशाच्या रस्त्यांची जी योजना आंखली ती नागपूर योजना या नांवानें प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आतांचे राज्यमार्ग, प्रमुख जिल्हामार्ग, इतर जिल्हामार्ग आणि ग्राममार्ग अशा ज्या पायऱ्या आज आपण ऐकतों, त्यांची घडी त्या योजनेनें बसविली. सन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यान्वयें एकादा रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर करण्याचा, व त्या यादींतून वगळण्याचाहि, अधिकार मध्यवर्ती सरकारास आहे. इतर रस्त्यांचा विषय राज्यांकडे आहे, आणि आपल्याकडे सन १९५५ चा मुंबई महामार्ग कायदा त्यासाठींच झालेला आहे.

यावरून एवढें ध्यानांत येईल कीं रस्त्याचें नांव हा पोकळ शब्द नव्हे. खड्डा पडला असतां तो कोणीं बुजवावयाचा, पूल वाहून गेला असतां कोणीं बांधावयाचा, पैसा कोणाच्या तिजोरींतून यावयाचा, रस्त्यापासून किती अंतरावर घर बांधतां येईल, अतिक्रमण कोणीं उठवावयाचें, हें सर्व त्या नांवावरून ठरतें. राष्ट्रीय महामार्ग म्हटला कीं त्याची मालकी केंद्र सरकारची, आणि तो सुस्थितींत राखण्याची जबाबदारीहि त्याचीच. म्हणजे रस्त्याचें नांव हें एक प्रकारचें वचन आहे. ह्या वाटेनें जाणाऱ्या माणसाची काळजी आम्ही अमुक रीतीनें वाहूं, असें सरकार त्या नांवानें लोकांस सांगत असतें. नांव बदलणें म्हणजे वचन बदलणें होय. वचन बदलण्यास योग्य कारण असूं शकतें. पण तें सहज करण्यासारखें काम खास नव्हे.

आतां मुख्य हकीकतीकडे वळूं. सन २०१५ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,४६,१३३ माणसें मरण पावलीं. म्हणजे दररोज सुमारें चारशें. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशांतील सर्व रस्त्यांच्या लांबीच्या शेंकडा दोनांच्या आंतबाहेर. पण एकंदर मृत्यूंपैकीं एक तृतीयांशाहून अधिक मृत्यु त्यांवर घडले. हे आंकडे वाचून पुढें जाणें सोपें आहे. परंतु ज्या घरचा कर्ता पुरुष सकाळीं दुधाच्या किटल्या सायकलीला बांधून निघाला व पुन्हां परतला नाहीं, त्या घरास आंकड्यांची ओळख निराळ्या रीतीनें झालेली असते.

ह्या अपघातांचीं कारणें अनेक आहेत. त्यांत मद्यपान हें एक आहे. किती अपघात मद्यामुळें घडले हें सरकारी कागदांत पूर्ण उतरत नाहीं. कारण तशी नोंद झाली तर विम्याची भरपाई बुडेल या भीतीनें ती टाळली जाते, असें न्यायालयापुढेंहि दाखविण्यांत आलें. राष्ट्रीय महामार्गांच्या कडेस दारूचे परवाने देऊं नयेत, अशी शिफारस राष्ट्रीय रस्ता सुरक्षा परिषदेनें सन २००४ मध्येंच केली होती, व केंद्र सरकारनें राज्यांस वारंवार तसें लिहिलेंहि होतें. तरी दुकानें चालूच राहिलीं. अखेरीस १५ डिसेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं राष्ट्रीय महामार्ग व राज्यमार्ग यांच्या कडेपासून ५०० मीटरांच्या आंत मद्यविक्रीचे परवाने यापुढें देऊं नयेत. जे आहेत ते त्यांची मुदत संपेपर्यंत, पण फार तर १ एप्रिल २०१७ पर्यंत, चालावेत. आणि दारूच्या दुकानाकडे बोट दाखविणाऱ्या पाट्याहि महामार्गावर असूं नयेत. मार्गाचा जो भाग शहरांतून जातो त्यासहि हाच नियम लागू करण्यांत आला. पुढें ३१ मार्च २०१७ रोजीं न्यायालयानें त्यांत थोडा फेरफार केला. ज्या स्थानिक संस्थांची लोकसंख्या वीस हजार किंवा त्याहून कमी, तेथें अंतर २२० मीटर ठरविलें. सिक्कीम व मेघालय या डोंगराळ राज्यांस अंतराच्या अटींतून सूट दिली. आणि केवळ दुकानांसच नव्हे, तर जेथें बसून दारू पितां येते अशा उपाहारगृहांसहि नियम लागू आहे असें स्पष्ट केलें.

या हुकुमानें मोठी खळबळ उडाली. महाराष्ट्रांत परवाना असलेल्या दुकानांपैकीं व मद्यगृहांपैकीं निम्म्याहून अधिक या अंतराच्या आंत सांपडलीं. अशा वेळीं सरकारांपुढें दोन वाटा होत्या. पहिली वाट, दुकानें रस्त्यापासून दूर नेणें. दुसरी वाट अशी, कीं दुकानें जागच्या जागींच राहूं द्यावीं आणि रस्ताच कागदावरून दूर न्यावा. कित्येकांनीं दुसरी वाट धरली. चंदीगडच्या प्रशासनानें १६ मार्च २०१७ रोजीं अधिसूचना काढून शहरांतील मोठे रस्ते प्रमुख जिल्हामार्ग म्हणून जाहीर केले. राजस्थान, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड इत्यादि राज्यांनींहि गांवांशहरांतून जाणाऱ्या राज्यमार्गांचे भाग खालच्या वर्गांत घातले. आपल्या महाराष्ट्रांत जळगांव शहरांतून जाणारे राज्यमार्गाचे भाग महानगरपालिकेकडे देण्याचा प्रकार गाजला, व तेथील नागरिकांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. पंजाबनें रस्त्याचें नांव न बदलतां जून महिन्यांत कायद्यांतच दुरुस्ती करून हॉटेलें, उपाहारगृहें व क्लब यांस नियमांतून बाहेर काढलें. केरळांतील एका मद्यगृहाच्या मालकानें तर आपल्या दारापुढें भुलभुलय्यासारखी वळणावळणाची वाट बांधली, यासाठीं कीं महामार्गापासून दारापर्यंत चालत जाण्याचें अंतर ५०० मीटरांहून अधिक भरावें. ही गोष्ट त्या वेळीं वर्तमानपत्रांत येऊन देशभर हंशा पिकला.

त्या मद्यगृहवाल्यास आपण हंसतों. पण त्यानें निदान विटा व चुना खर्चून कांहीं तरी बांधलें. ज्यांनीं रस्त्याचें नांवच बदललें, त्यांस तेवढाहि खर्च आला नाहीं.

तथापि एका पक्षाचेंच ऐकून न्याय करणें हें अन्यायाचेंच एक रूप आहे. म्हणून दुसऱ्या बाजूचें म्हणणें काय आहे तेंहि प्रामाणिकपणें मांडूं. तिचें पहिलें म्हणणें असें कीं रस्त्यांची वर्गवारी करणें हा सरकारचा कायदेशीर अधिकार आहे. तो वापरला म्हणजे गुन्हा केला असें होत नाहीं. हें खरें आहे. दुसरें म्हणणें असें कीं ह्या धंद्यांत केवळ मालकच नाहींत. भांडीं घासणारे, वाढपी, पहारेकरी असे हजारों गरीब लोक आहेत, आणि एका तारखेस त्यांच्या चुली विझल्या. हेंहि खरें आहे, व मद्याचा कितीहि तिटकारा असला तरी त्या लोकांविषयीं कठोर होणें आपणांस शोभणार नाहीं. तिसरें म्हणणें असें कीं राज्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग मद्यावरील करांतून येतो, व त्यावर शाळा व दवाखाने चालतात. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, पण त्यास उत्तरहि आहे. जो पैसा एका हातानें दवाखान्यास द्यावयाचा आणि दुसऱ्या हातानें तेथें रोगी व जखमी पाठवून मिळवावयाचा, त्याचा जमाखर्च सरळ मनानें मांडला पाहिजे.

चौथें म्हणणें मात्र सर्वांत वजनदार आहे. तें असें कीं शहराच्या मधून जाणारा रस्ता नांवानें महामार्ग असला तरी स्वभावानें तो बाजारपेठच असतो. तेथें चौकाचौकांत गाड्या थांबतात, पायीं चालणारांची गर्दी असते, लांबच्या प्रवासाचा भरधांव वेग तेथें नसतो. अशा ठिकाणीं नांवावर बोट ठेवून अंतर मोजीत बसणें म्हणजे शब्दाची पूजा होय. ह्याच प्रकारचा विचार करून सर्वोच्च न्यायालयानें ११ जुलै २०१७ रोजीं चंदीगडच्या प्रकरणांतील अर्ज फेटाळला, आणि असा खुलासा केला कीं आपल्या मूळ हुकुमाचा रोंख शहरें, गांवें व खेडीं यांस एकमेकांशीं जोडणाऱ्या महामार्गांवर आहे; नगरपालिकांच्या हद्दींतील परवान्यांस त्या हुकुमाची आडकाठी नाहीं. पुढें २३ फेब्रुवारी २०१८ रोजीं, ग्रामपंचायतींसारख्या अन्य स्थानिक संस्थांच्या हद्दींतील कोणतें क्षेत्र पुरेसें विकसित समजून त्यास हें तत्त्व लागू करावें, तें ठरविणें न्यायालयानें राज्य सरकारांवर सोंपविलें.

तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें वाद मिटला. पण नीतीच्या दृष्टीनें तो मिटला काय? आमच्या मतें मिटला नाहीं. उलट चौथ्या म्हणण्यानेंच तो अधिक स्पष्ट होतो. कारण जर नांवापेक्षां वस्तूचा स्वभाव मोठा, आणि म्हणून बाजारपेठेच्या रस्त्यास महामार्ग म्हणून वागवूं नये, तर त्याच न्यायानें ज्या रस्त्यावरून दूरदूरचीं वाहनें रात्रंदिवस भरधांव जातात त्यास केवळ जिल्हामार्ग असें नांव दिल्यानें तो जिल्हामार्ग होत नाहीं. एकच माप दोन्हींकडे लावलें पाहिजे. नांव सोईचें असेल तेव्हां नांव धरावयाचें, व स्वभाव सोईचा असेल तेव्हां स्वभाव धरावयाचा, हा न्याय नव्हे. ह्यास व्यापारांत दोन वजनें ठेवणें म्हणतात, आणि बाजारांत तसें करणारास आपण काय म्हणतों हें सांगावयास नको.

मग नांव बदलणें केव्हां योग्य व केव्हां अयोग्य? ह्याची परीक्षा करण्यास तीन प्रश्न पुरेसे आहेत असें वाटतें.

पहिला प्रश्न: आधीं वस्तु बदलली आणि मग नांव बदललें, कीं आधीं नांव बदललें आणि वस्तु जशीच्या तशी राहिली? पुष्कळ गांवांच्या बाहेरून आतां वळणरस्ता काढण्यांत आला आहे. दूरची वाहतूक त्या नव्या रस्त्यानें जाऊं लागली. गांवांतील जुना रस्ता निवांत झाला. अशा वेळीं जुना रस्ता महामार्गाच्या यादींतून काढून गांवाच्या स्वाधीन करणें हें सत्यास धरूनच आहे. तेथें नांव वस्तूच्या मागून चालत आलें. त्याविरुद्ध कोणाहि समंजस माणसाची तक्रार असणार नाहीं. परंतु जेथें वाहतूक तीच, वेग तोच, धोका तोच, आणि केवळ एका हुकुमाची तारीख जवळ आली म्हणून नांव बदललें, तेथें नांव वस्तूच्या मागून नव्हे, तर दुकानाच्या मागून चाललें असें म्हणावें लागतें.

दुसरा प्रश्न: नांवाबरोबर कर्तव्याचें सर्व ओझें दुसऱ्यानें उचललें काय, कीं त्यांतील अडचणीचा तेवढाच भाग खालीं टाकला? रस्ता नगरपालिकेकडे दिला, तर दिवे, पदपथ, गतिरोधक, खड्डे बुजविणें, पहारा ठेवणें हेंहि तिच्याकडे आलें. तिच्याजवळ त्यासाठीं पैसा व माणसें आहेत काय, व तीं देण्यांत आलीं काय? ज्या पालिकेस गल्लींतील गटार धड ठेवतां येत नाहीं, तिच्या गळ्यांत मैलोगणती मोठा रस्ता बांधला, तर मद्याचें दुकान वांचेल खरें, पण रस्ता अनाथ होईल. मुलगा दत्तक दिला असें कागदावर लिहावें आणि घेणाराच्या घरांत त्यास पोटभर अन्न नसावें, तसाच हा प्रकार आहे.

तिसरा प्रश्न: हें उघडपणें, खरें कारण सांगून, व ज्यांचा जीव त्या रस्त्यावर आहे त्यांस विचारून केलें काय? येथें आपल्या राज्यांतील एक गोष्ट स्मरण्याजोगी आहे. महाराष्ट्रांत दारूचे परवाने ज्या कायद्याखालीं देतात तो सन १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे, हें नांवाचें एक नवल आहेच. पण त्याच कायद्याखालीं सन २००८ मध्यें असा आदेश निघाला कीं गांवांतील वा प्रभागांतील एक चतुर्थांश मतदार स्त्रियांनीं मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावें. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशीं दोन चित्रें असतात. एकंदर मतदार स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिकींनीं आडव्या बाटलीस मत दिलें तर दुकान बंद होतें. ही अट किती कठीण आहे हें पाहा. आजारी, परगांवीं गेलेल्या, घरच्यांच्या धाकानें न आलेल्या, ह्या सर्वांचीं मतें जणूं बाटलीच्याच बाजूनें मोजलीं जातात. तरीहि कित्येक गांवांतील बायांनीं अक्षर न ओळखतां तें चित्र ओळखलें आणि बाटली आडवी केली. दुकान बंद करण्यास निम्म्याहून अधिक स्त्रियांनीं उन्हांत रांगेंत उभें राहावें लागतें. तेंच दुकान वांचविण्यास मात्र एका कचेरींतील एक सही पुरते. ह्या दोन तराजूंकडे पाहिलें म्हणजे खरें कारण सांगण्याची व विचारण्याची गोष्ट किती महत्त्वाची आहे तें कळून येईल.

कोणी म्हणेल, जें कायद्यानें करतां येतें त्यास पाप कां म्हणावें? ह्यास शुभवर्तमानांतील कुर्बानाची गोष्ट चांगलें उत्तर देते. आईबापांस पोसणें हें मुलाचें कर्तव्य होतें. पण आपली चीजवस्त देवास अर्पण केली आहे असें नांव तिला दिलें कीं ती आईबापांस देण्याचा प्रश्न उरत नसे. शास्त्री लोकांच्या नियमांत तें बसत होतें. पैसा बहुधा घरांतच राही. बदलत असे तें केवळ नांव. प्रभूनें त्या लोकांस दोष दिला तो त्यांनीं नियम मोडला म्हणून नव्हे, तर नियम पाळून आज्ञा मोडली म्हणून. राज्यमार्गास एका रात्रींत जिल्हामार्ग म्हणणें हें आमच्या काळचें कुर्बान नव्हे काय? नियम पाळला गेला. पण ज्या जिवांच्या रक्षणाकरितां नियम झाला, ते जीव होते तेथेंच राहिले.

येथें आपण, म्हणजे मद्यपानाचे जे विरोधक आहोंत त्यांनीं, आपल्याहि मनाची झडती घेतली पाहिजे. ५०० मीटर ही कांहीं पुण्याची सीमारेषा नव्हे. ५०१ व्या मीटरावर उभें असलेलें दुकान निर्दोष कसें? त्या वर्षीं हुकूम अमलांत आल्यावर महामार्गावरचीं दुकानें कित्येक ठिकाणीं वस्त्यांत, शाळांजवळ व गल्लीबोळांत शिरूं लागलीं. आणि एप्रिल महिन्यांत उत्तर प्रदेशांत व अन्यत्र स्त्रियांनीं त्यांविरुद्ध रस्त्यावर येऊन निदर्शनें केलीं. प्रवाशाच्या वाटेवरची बाटली उचलून ती खेड्यांतील घराच्या उंबरठ्यावर ठेवली, तर भार हलका झाला असें नव्हे, त्याचा वाहक बदलला. ज्यांनीं रस्ता कागदावरून हलविला त्यांस आपण दोष देतों. पण दुकान जमिनीवरून हलविल्यानें सर्व काम झालें असें समजणारेहि अंतरालाच नीति समजूं लागतात. न्यायालयाचा हेतु माणसें वांचविण्याचा होता. हेतूकडे पाठ फिरवून आंकड्याची पूजा करणें हा दोष दोन्ही पक्षांस जडूं शकतो.

ह्या सर्वांचा शेवट काय झाला? मद्याचीं दुकानें पुष्कळ ठिकाणीं पुन्हां उघडलीं. सन २०२२ मध्यें रस्त्यांवरील मृत्यूंची संख्या १,६८,४९१ झाली. हा सर्व दोष मद्याचाच, किंवा त्या अधिसूचनांचाच, असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. अतिवेग, वाईट रस्ते, शिरस्त्राण न घालणें अशीं मोठीं कारणें आहेतच. पण एवढें मात्र निश्चित कीं त्या वर्षींहि राष्ट्रीय महामार्ग व राज्यमार्ग मिळून शेंकडा साठ मृत्यु त्यांवरच घडले. म्हणजे ज्या रस्त्यांविषयीं न्यायालयास काळजी वाटली होती ती काळजी खरी होती, आणि ती कोणाच्याहि नामांतरानें नाहींशी झालेली नाहीं.

आतां हा दिवा थोडा आपल्या घराकडे फिरवूं. सरकारच तेवढें अधिसूचना काढतें असें नाहीं. आपणहि रोज काढीत असतों. हुंडा म्हटला तर लाज वाटते. म्हणून त्यास मानपान म्हणावें, भेट म्हणावें, मुलीच्या संसारास हातभार म्हणावें. लांच म्हटली तर बोचते. तिला चहापाणी म्हटलें कीं ती घशाखालीं उतरते. भावाच्या शेताचा बांध दरसाल एक तास कोरावा, आणि विचारलें तर नांगर घसरला म्हणावें. गरजूस दिलेल्या पैशावर जबर व्याज घ्यावें, आणि त्यास माझी मेहनत म्हणावें. नोकरास वेळेवर मजुरी देऊं नये, आणि त्यास पैसे माझ्याकडे सुरक्षित आहेत म्हणावें. ह्या प्रत्येक ठिकाणीं वस्तु हललेली नाहीं. केवळ तिची वर्गवारी आपण बदलून घेतली आहे. आणि खरी भीति ही कीं दुसऱ्यास फसविण्याकरितां दिलेलें नांव कालांतरानें आपणांसहि खरें वाटूं लागतें. मग कर्तव्य मोडल्याची टोंचणीहि राहात नाहीं. खोटें बोलणारा निदान सत्य ओळखून असतो. नांव बदलणारा सत्याची ओळखच गमावतो.

तर मग आपण काय करावें? मोठ्या गोष्टी आपल्या हातीं नसतील, पण लहान गोष्टी आहेत. आपल्या गांवावरून जाणारा रस्ता कोणत्या वर्गाचा आहे, तो कोणाच्या ताब्यांत आहे, हें प्रत्येक गांवांतील कोणास तरी ठाऊक असलें पाहिजे. तें ग्रामसभेंत विचारावें, व त्याची नोंद करवावी. रस्त्याचें नांव बदललें असें ऐकूं आलें तर रागावण्यापूर्वीं वरील तीन प्रश्न विचारावे: वस्तु बदलली काय, ओझें कोणीं उचललें, आणि आम्हांस विचारलें काय? उत्तर समाधानकारक असेल तर संतोष मानावा. कारण प्रत्येक फेरबदलांत कपट पाहणें हाहि एक दुर्गुण आहे. समाधानकारक नसेल तर नम्रतेनें, पण लेखी व चिकाटीनें, विचारीत राहावें. दुकान नको असेल तर बायांनीं एकत्र यावें. आडव्या बाटलीचा अधिकार त्यांचा आहे, तो कोणी दान केलेला नाहीं. ज्यांचा रोजगार दुकान बंद झाल्यानें जाईल त्यांच्यासाठीं दुसरें काम पाहण्यासहि त्याच लोकांनीं पुढें यावें. नाहीं तर आपली नीति दुसऱ्याच्या चुलीवर शिजली असें होईल. आणि आपलें वाहन चालवितांना, मग रस्ता राष्ट्रीय असो कीं ग्राममार्ग असो, आपण शुद्धीवर असावें व शाळेपाशीं वेग आंवरावा. एवढें करण्यास कोणत्याहि राजपत्राची वाट पाहावी लागत नाहीं.

आरंभीं ज्या रस्त्याचें चित्र काढलें त्याकडे शेवटीं पुन्हां पाहूं. सकाळची वेळ आहे. पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी रस्त्याच्या कडेस उभी आहे, आणि दुरून मालमोटार येत आहे. हा रस्ता कोणत्या वर्गाचा आहे हें त्या मुलीस ठाऊक नाहीं, आणि मालमोटारीच्या चाकासहि ठाऊक नाहीं. त्या दोघांमध्यें जें अंतर उरलें आहे, त्याची जबाबदारी कोणाची, एवढाच खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर ज्या नांवानें अधिक स्पष्ट होतें तें नांव चांगलें; ज्या नांवानें तें झांकलें जातें तें नांव, कितीहि कायदेशीर असलें तरी, खोटें.